काऊन रे आंटी

अमेरिकेत बेलव्ह्यूला आमच्या शेजारी एक पंजाबी कुटुंब राहतं. घरातले काका ट्रकच्या धंद्यातले. जवळच्या केंटला त्यांचं ट्रक उभे करायचं मोठं आवार आहे. माणूस दिलदार. बर्फ पडला की स्वतःचा ड्राइव्हवे साफ करता करता आमचाही करून टाकतात. त्यामुळे एका शनिवारी दारात येऊन ते म्हणाले, "भाभीजी, भतीजे का शूटिंग है, थोडा शोर होगा, आपका ड्राइव्हवे भी चाहिए होगा," तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

हा पुतण्या कोण, ते मला ठाऊक नव्हतं. माझ्या मुलीला ठाऊक होतं. नाव ऐकताच ती जिन्यावरून किंचाळत खाली आली.

पंजाबातून तो काकांकडे आला आणि काही वर्षं त्यांचा ट्रक चालवत होता. रात्री ट्रक कुठेतरी थांबवून केबिनमध्ये बसून फोनवर रॅप रेकॉर्ड करायचा. त्यातलं एक गाणं गाजलं, मग दुसरं, आणि आता त्याच्या गाण्यांशिवाय इथलं कुठलंही भारतीय लग्न पार पडत नाही. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत ढोलपथक दमून पाणी प्यायला थांबलं की मुलं त्याचंच गाणं लावतात. ती गाणी मी गाडीत असंख्य वेळा बंद करायला लावली होती. मोठ्या गाड्या, बंदुका, दारू आणि जळणारे दुश्मन, याखेरीज त्यात मला काही सापडलं नव्हतं. एका सिनेमात तो हीरोही झाला होता. "मूव्ही वॉज बॅड," मुलगी म्हणाली, "बट ही इज सो फेमस, आई!"

आता थोडं माझ्याबद्दल. मी नागपूरची. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याची. पण कॉलेजात मी नाटकवाली होते. एकांकिका स्पर्धेत अभिनयाचं बक्षीस मिळालं होतं, पेपरात फोटो आला होता, आणि वडिलांनी तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. इथे आल्यावर मंडळाच्या नाटकाला मी दरवर्षी नाव द्यायचे आणि दरवर्षी माझ्या वाट्याला प्रॉम्प्टिंग यायचं. दिग्दर्शन करणाऱ्या काकू पुण्याच्या. त्या प्रेमाने म्हणायच्या, "तुझं बोलणं जरा वेगळं लागतं गं कानाला." मी ते वेगळं लागणं हळूहळू घासून काढलं. "का"च्या जागी येणारं "काऊन", "करून राहिले", "जाऊन राहिले" तोंडातून गेलं. तरी विंगेतून बाहेर यायला मिळालं नाही.

शूटिंगच्या दिवशी आमच्या गल्लीत भाड्याने आणलेल्या चार चकचकीत गाड्या उभ्या राहिल्या. वर ड्रोन घोंघावत होता. मी सगळ्यांसाठी चहा केला आणि ट्रे घेऊन गॅरेजच्या तोंडाशी उभी राहिले. तेवढ्यात गडबड सुरू झाली. कॅनडातून, सरेहून, एक बाई यायच्या होत्या शेजारच्या आंटीचं काम करायला. त्या बॉर्डरवर अडकल्या होत्या. व्हिडिओचा दिग्दर्शक, पोरसवदाच होता, इकडेतिकडे बघत माझ्यापाशी थांबला.

"आंटीजी, दो मिनट का काम है. म्यूझिक लाउड है, आप गुस्से में बाहर आती हो, चप्पल फेंकती हो. करोगे?"

नवरा माझ्यामागे उभा होता. त्याने माझ्या कोपराला हलकेच हात लावला. त्या हाताचा अर्थ मला कळला होता. पण त्याने हात काढायच्या आतच मी "हो" म्हणून मोकळी झाले होते.

त्यांना गाऊन हवा होता आणि वर ओढणी. मी आत जाऊन माझा जुना फुलाफुलांचा गाऊन घातला. बेसिनच्या आरशात बघून मी स्वतःला विचारलं, ही बाई कोण आहे, कशाने चिडली आहे, आज सकाळपासून तिचं काय बिनसलं आहे? कॉलेजात सरांनी असंच शिकवलं होतं. मी ठरवलं, ही बाई वर्षानुवर्षं गप्प बसली आहे, आणि आज तिच्याच दारात येऊन कोणीतरी तिला जगू देत नाहीये.

गाणं सुरू झालं, मी बाहेर आले, आणि मला काय झालं कोण जाणे. दिलेलं हिंदी वाक्य मी विसरले. पोटातून नागपूर वर आलं.

"काऊन रे मेल्या! कान फोडून राहिला का आमचे? काऊन रे!"

चप्पल फेकली ती थेट शेजाऱ्यांच्या त्या पुतण्याच्या गॉगलवर बसली. त्याच्यामागे धावताना ओल्या गवतावर माझा पाय घसरला आणि मी सपशेल आडवी झाले. गाऊन गुडघ्यांच्या वर. सगळी गल्ली टाळ्या वाजवत होती. तो हसता हसता ड्राइव्हवेवर खालीच बसला होता. मग उठून त्याने मला हात दिला. "आंटीजी, तुस्सी कमाल कर दित्ती! असली एक्टिंग!"

असली एक्टिंग. ते दोन शब्द मी कितीतरी दिवस जपले.

इथपर्यंत माझी काही चूक झाली असं आजही मला वाटत नाही. लाज वाटते ती पुढच्याची. मी सगळ्यांना सांगितलं. मंडळाच्या ग्रुपवर, ऑफिसात, नागपूरला आईला. व्हिडिओ ज्या दिवशी येणार होता त्या दिवशी घरी पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचं जेवण, ठेवला, साबुदाण्याचे वडे तळले, नवी साडी नेसले. दिग्दर्शक काकूंना मुद्दाम समोरच्या सोफ्यावर बसवलं. त्यांनी बघायला हवं होतं.

नवऱ्याने मोठ्या टीव्हीवर व्हिडिओ लावला. मी आले ती गाणं संपत आल्यावर नव्हे, अगदी सुरुवातीलाच आले. माझं "काऊन रे" त्यांनी कापून, चिरकं करून, ठेक्यावर बसवलं होतं. काऊन-काऊन-काऊन रे. तेच गाण्याचं धृपद झालं होतं. मी पडले ते संथ गतीने पडले, मग उलटी उठले, मग परत पडले. कॅमेरा माझ्या पोटऱ्यांवर रेंगाळला. माझं चिडलेलं तोंड फुग्यासारखं फुगवून त्याच्या गाडीच्या बॉनेटवर चिकटवलं होतं. आणि तो त्यात गॉगल लावून, हात पसरून, माझ्यावरून उडी मारून जात होता.

पहिल्यांदा सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्यांदा थोडे हसले. तिसऱ्यांदा मी पडले तेव्हा कोणीच हसलं नाही, आणि ते मला हसण्यापेक्षा वाईट होतं. गाणं संपेपर्यंत सगळे आपापल्या ताटलीत बघत होते.

"वडे मात्र फार छान झालेत हं," दिग्दर्शक काकू म्हणाल्या. "साबुदाणा अगदी नीट भिजलाय."

मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच आणखी वडे थापले. सगळे लवकर निघाले. एरवी निघताना अर्धा तास दारात गप्पा मारणारी माणसं बूट घालून सरळ गाडीत बसली.

पुढचे काही आठवडे मी तोंड लपवून वावरले. गाणं तुफान चाललं. त्याच्या आधीच्या कुठल्याही गाण्यापेक्षा जास्त. माझ्या पडण्याचं स्टिकर झालं आणि ते आमच्याच मंडळाच्या ग्रुपवर, मी त्यात असताना, पडलं. नंतर टाकणाऱ्याने ते घाईघाईने काढलं. ते काढल्याची खूण मात्र तशीच राहिली. भारतीय दुकानात भेंडी निवडत असताना एका कॉलेजच्या पोराने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि मित्राला म्हणाला, "यार, ही तीच. काऊन रे आंटी." ऑफिसच्या मीटिंगमध्ये एकाने कौतुक म्हणून क्लिप दाखवली. अमेरिकन मॅनेजर म्हणाली, "यू आर सो ब्रेव्ह!" मराठीत याला निर्लज्ज म्हणतात, ते मी तिला सांगितलं नाही.

आईचा फोन आला. "काय करून राहिली तू तिकडे? खालच्या मजल्यावरच्या पोरीने दाखवलं मला. गाऊनवर बाहेर गेली तू, बाई? माणसांसमोर?"

"नाटक होतं ते, आई."

"नाटकात तू पडली का?"

"घसरले."

मग आई म्हणाली, "लागलं नाही ना?" तिने हे विचारलं आणि मला रडू फुटलं, कारण तोवर हे कोणीच विचारलं नव्हतं.

पण खरं सांगायचं तर याहून जास्त लाज मला दुसऱ्याच गोष्टीची वाटायची. मी गुपचूप त्या व्हिडिओखालच्या कमेंट वाचायचे. ऑफिसच्या बाथरूममध्ये बसून वाचायचे. शेकडो टिंगलींमध्ये एखादा लिहायचा, ही बाई खरी ॲक्ट्रेस आहे का, हिचा राग खरा वाटतो. तेवढी कमेंट मी पुन्हा पुन्हा उघडायचे. एकदा मुलीने मला पकडलं. गाडीत, सिग्नलला. तिने माझ्या हातातला फोन पाहिला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

"तुला माझी लाज वाटते का गं? शाळेत चिडवतात का?"

"इट्स नॉट दॅट. दे थिंक यू आर फनी." मग ती माझ्याकडे वळली. "यू वॉन्टेड इट सो बॅड, आई. दॅट्स द पार्ट आय कान्ट वॉच."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. मी गाडी पुढे घेतली.

थंडी सरत आली होती तेव्हा एका दुपारी दाराची बेल वाजली. तो उभा होता. गॉगल नाही, साखळ्या नाहीत, साधं जाकीट. काकांकडे राहायला आला होता.

"आंटीजी, पाच मिनट मिलेंगे?"

मी दार धरून उभी राहिले. आत ये म्हणाले नाही. मनात इतके दिवस घोळवलेलं सगळं हिंदीत सांगायला लागले आणि माझं हिंदी मोडून पडलं, पण मी सांगितलं. की मी काम केलं होतं, सोंग नाही. की पडलेल्या बाईला एकदा दाखवतात, तीनदा नाही. की माझी आई नागपुरात ते बघते.

तो खरोखर गोंधळला. "पर लोग तो प्यार करते हैं आपको, आंटीजी."

"लोग हँसते हैं."

त्याने मान खाली घातली. मग खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला. त्यावर एक स्टिकर होतं. त्याचाच चेहरा, डोळे मिटलेले, तोंड वाकडं, गालावर खोटं पाणी. "ये मेरी फिल्म का रोने वाला सीन है. हॉल में लोग सीटी मार रहे थे. मेरे अपने ममेरे भाई ने भेजा मुझे ये." फोन बंद करून तो म्हणाला, "अब दूसरी फिल्म है. ट्रक चलाने वाले की कहानी. मेरी ही है समझो. उस में बापू की खबर आती है फोन पे. डायरेक्टर ने कल सब के सामने कहा, तू गाड़ी के आगे खड़ा होना जानता है, बस." तो माझ्याकडे न बघता बोलला, "उस दिन आपका गुस्सा असली था. वो कैसे किया आपने?"

व्हिडिओबद्दल माफी त्याने मागितली नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. तरी मी दारातून बाजूला झाले.

स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून त्याने प्रसंग वाचून दाखवला. वाचला म्हणजे काय, रॅप केला. प्रत्येक वाक्य ठेक्यावर आपटायचा, खांदे हलायचे, हात हवेत. मी त्याला हात बांधून बसायला सांगितलं तर पाय हलायला लागले. शेवटी मी त्याच्यासमोर लसणाचे दोन गड्डे ठेवले आणि हाताने दाखवत मराठीतच सांगितलं.

"सोल हे. सोलता सोलता बोल. पाकळी फुटता कामा नये."

"ये कौन सी एक्टिंग है, आंटीजी?"

"कर तर."

त्याने सोलायला सुरुवात केली. बोटं गुंतली तसा आवाज खाली आला. दुसऱ्या वेळी खांदे थांबले. तिसऱ्यांदा तो मध्येच थांबला आणि पंजाबीत काहीतरी वेगळंच बोलायला लागला, जे कागदावर नव्हतं. मला समजलं ते एवढं, की त्याचे वडील गेले तेव्हा तो खरंच ट्रकमध्ये होता. माल पोचवायचा होता, कागदपत्रांची भानगड होती, जाता आलं नाही. विधी त्याने केबिनमध्ये बसून फोनवर पाहिले, आणि फोन मध्येच बंद पडला. हे सांगताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही. लसूण मात्र सोलत राहिला.

"हे कर," मी म्हणाले. "कागदावरचं सोड."

तो पुढे अनेकदा आला. मुलगी पहिल्या दोन वेळी वरून खालीच आली नाही, तिसऱ्या वेळी शेजारी बसून फोनच्या पलीकडच्या माणसाची वाक्यं वाचून दाखवायला लागली. एके दिवशी तो म्हणाला, त्या सिनेमात आईचं काम आहे, दोनच प्रसंग, एक फोनवरचा. संवाद कमी आहेत, पंजाबी आवाज दुसऱ्या बाईचा घालतील. डायरेक्टरला त्याने माझं नाव सांगितलं होतं.

नवरा म्हणाला, "पुन्हा?" एवढंच. मी हो म्हणाले. या वेळी घाई केली नाही, चार दिवस विचार केला. मग मात्र हो म्हणालेच.

केंटच्या आवारात, दोन ट्रकच्या मध्ये पंजाबातल्या घराची भिंत उभी करून माझे प्रसंग झाले. डोक्यावर पांढरी ओढणी घेऊन मी खाटेवर बसले, फोन कानाला लावला, आणि मुलाला सांगितलं की बापू गेले. मी चांगलं काम केलं. हे मी स्वतःबद्दल सहसा म्हणत नाही. शॉट झाल्यावर ज्या डायरेक्टरने त्याला सगळ्यांसमोर बोल लावले होते, त्याने मला स्वतः उठून चहा दिला.

सिनेमा लागला तेव्हा इथल्या थिएटरात पहिला खेळ त्याच्या माणसांसाठी ठेवला होता. त्याचे काका, ट्रकवाले मित्र, आणि बरेचसे तरुण चाहते. आम्ही तिघं मधल्या रांगेत होतो. तो आमच्याच रांगेत, पलीकडच्या टोकाला. सिनेमा चांगला होता. तो चांगला होता. सुरुवातीला शिट्ट्या मारणारी पोरं अर्ध्या तासात गप्प झाली. मग तो प्रसंग आला. ट्रकची केबिन, हातात संत्रं, तो साल काढतोय. लसणाचं संत्रं झालं होतं. फोन वाजतो. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही.

आणि पडद्यावर मी आले. पांढरी ओढणी, डोळे भरलेले, फोन कानाशी.

मागून कोणीतरी ओरडलं, "काऊन रे!"

सगळा हॉल फुटला. हसू थांबेचना. कोणी तो ठेका धरला, काऊन-काऊन-काऊन रे, आणि टाळ्या पडायला लागल्या. पडद्यावर तो रडत होता, खरा रडत होता, ओठ घट्ट मिटून, हातातलं संत्रं न सोडता. ते कोणी बघितलंच नाही. मी त्या अंधारात रांगेच्या टोकाकडे पाहिलं. तो पुढे वाकून, कोपरं गुडघ्यांवर टेकून बसला होता, दोन्ही हात मानेवर. मुलीने माझा हात धरला. तिने खूप वर्षांत धरला नव्हता. मला तिच्या हातातून माझा हात काढून घ्यावासा वाटत होता. या मुलाने आयुष्यात एकदा खरं काम केलं होतं आणि ते माझ्या तोंडाने मोडलं होतं. त्या व्हिडिओच्या वेळी मी स्वतःच्या अब्रूसाठी रडले होते. इथे मी दुसऱ्याचं काहीतरी हिरावून बसले होते.

बाहेर लॉबीत गर्दी त्याच्याबरोबर फोटो काढत होती. मी जवळ गेले आणि म्हणाले, "सॉरी बेटा."

"गाना तो मेरा था, आंटीजी," तो म्हणाला. फोटोसाठी कोणीतरी त्याला ओढलं आणि तो हसला.

महिन्याभराने त्याचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, घरी बसून बघायची जी आवृत्ती येणार आहे, त्यात निर्मात्यांना माझे प्रसंग नको आहेत. दुसऱ्या बाईंना घेऊन पुन्हा शूट करणार. त्याने विरोध केला होता, असं म्हणाला. थोडाच केला असेल. नुसत्या आवाजाने खोटं निभावून नेण्याइतका चांगला नट तो अजून झाला नव्हता.

"करा," मी म्हणाले. "बरोबर आहे ते."

"आप नाराज़?"

नाराज नव्हते. सुटका झाल्यासारखं वाटलं, आणि सुटका झाल्यासारखं वाटलं याचीही लाज वाटली. माझं एकमेव खरं काम आता कुठेच राहणार नव्हतं. लोकांच्या फोनवर फक्त गवतावर आडवी झालेली बाई राहणार होती. मी त्याला विचारलं, ते गाणं काढून टाकता येईल का. तो खालच्या आवाजात म्हणाला, "वो गाना कंपनी का है, आंटीजी. और सच बोलूँ? वो चलता है तो ही फिल्म मिलती है मुझे."

निदान खोटं बोलला नाही.

नवीन आवृत्ती मी पाहिली. दुसऱ्या बाई चांगल्या आहेत, थोड्या जास्त रडतात. तो प्रसंग मात्र आता पुरा दिसतो, आणि खाली लोक लिहितात की रॅपरला अभिनय येतो हे कोणाला वाटलं होतं. ते वाचून मला बरं वाटतं. ऑफिसच्या बाथरूममध्ये नाही वाचत, घरी सोफ्यावर बसून वाचते.

गेल्या रविवारी तो आला होता. पुढच्या सिनेमात त्याला बायकोची माफी मागायची आहे. त्याने प्रसंग वाचला, मुलीने बायकोची वाक्यं वाचली. त्याने डोळे मिटून, हात छातीवर ठेवून माफी मागितली.

"खोटं," मी म्हणाले.

त्याने पुन्हा मागितली. तेही खोटं होतं. तिसऱ्यांदा त्याने कागद टेबलावर ठेवला, मुलीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ तोंडातून शब्द निघेना.

"हां," मी म्हणाले. "आता बोल."